डावे, इवलेसे

मंगळवारची फेरीबोट लागून गेली
की अल्फियस हिस्कॉक वाचनालयात येतो.
दारात बूट आपटतो, बर्फ पायपुसण्यावर झाडतो,
आणि कोटाच्या आतल्या खिशातून, मेणकागदातून,
तोच एक फोटो काढतो:
समुद्रावर चाललेलं घर.

दुमजली, पांढरं. खिडक्यांचे पडदेसुद्धा तसेच.
बुडाशी रिकामी पिंपं बांधलेली,
पुढे दोन मोटारबोटी, मध्ये ताणलेले दोर.
सरकार म्हणालं, टॉली कोव्हनं उठावं.
टॉली कोव्ह उठलं,
पण घरं घेऊन.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला दुपारी चारलाच दिवे लागतात.
मी फोटो स्कॅन केला, पानावर चढवला.
दोन चौकोनी कंस, फाइलचं नाव, उभी रेघ, चौकट.
झलक पाहिली: घर मूळ आकारात आलेलं,
पडद्याबाहेर गेलेलं, धुराडं कुठे दिसेना.
'चौकट' लिहिलं की चित्र अंग चोरत नाही.
मग ती खोडून लिहिलं: इवलेसे.
आणि रेघेपलीकडे: उजवे.

कंस मिटायला मात्र विसरले.
घर नाहीसं झालं आणि त्याच्या जागी
नुसती अक्षरं, रेघा, फाइलचं नाव वाहत सुटलं.
अल्फियस खोकेपर्यंत हसला.
"गल बेटाच्या वळणावर अस्संच. एक दोर तुटला
आणि आईचं कपाट स्वयंपाकघरभर फिरलं."

"उजवे का?"
रीत आहे, म्हटलं. मजकूर डावीकडून वळसा घेतो.
"जमीन आमच्या उजव्या हाताला होती," तो म्हणाला.
मी लिहिलं: डावे.
परिच्छेद मुकाट्यानं बाजूला सरले.

पण उजवीकडे माहितीचौकट आधीच उभी होती,
दोनशे वीस पिक्सेल रुंद, राखाडी माथ्याची:
गाव, खाडी, चर्च एक, धक्का एक, शाळा (जळाली).
आता घर आणि चौकट यांच्या मधोमध
मजकुराची सामुद्रधुनी झाली,
एका ओळीला तीनच शब्द मावत,
चौथा खाली पडे.
घर चार ओळी खाली ओढलं. वाट सुटली.

अल्फियसनं भिंग काढलं.
एक डोळा गेलाय, दुसरा निघालाय.
चौकटीवरून बोट उतरवत तळाशी आला.
"माणसं कुठायत?"

लोकसंख्येची जागा मी रिकामी सोडली होती.
साचाच असा, की रिकामं सोडलं तर ओळच उमटत नाही,
वरची आणि खालची ओळ एकमेकींना चिकटतात,
चुकल्यासारखंही वाटत नाही.
आता कुणी राहत नाही ना, मी म्हटलं.
"मग शून्य लिही.
शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन मोजून आलं."

लिहिलं. ओळ उमटली.

राहिला पर्यायी मजकूर.
ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी
यंत्र तो वाचून दाखवतं, मी समजावलं.
तो खुर्ची जवळ ओढून बसला.
"माझ्यासाठी, म्हणजे."
मग बराच वेळ गप्प.
"वरची डावी खिडकी. पडद्यामागे मी आहे.
घरात कुणी थांबायचं नव्हतं. मी लपलो होतो.
सात वर्षांचा. कुणालाच माहीत नाही."

मी खिडकी मोठी केली. आणखी मोठी.
पडदा राखाडी चौकोनांत विरघळला.
एवढ्याशा घरात एवढासा ठिपका,
किंवा फोटोवरचा डाग.

चित्राखालच्या ओळीत हे चालणार नाही,
तिथं संदर्भ मागतात.
मी पर्यायी मजकुराच्या रेघेशी कर्सर नेला:
दोरांनी ओढत नेलेलं दुमजली पांढरं घर.
वरच्या डाव्या खिडकीत एक मुलगा.
तो दिसत नाही.

कंस मिटले. दोन्ही. मोजून.