कबुलीचा मसुदा

चिआतुरात मार्च म्हणजे अर्धा चिखल, अर्धा धूर.
दरीवरून रोपवेचा पाळणा सरकतो, बहुधा रिकामाच.
उपासाचा पाचवा आठवडा. दूध नाही, अंडं नाही, चीज नाही,
राजमा आणि अक्रोड,
अक्रोड आणि राजमा.
अंगणातल्या भट्टीच्या भिंतीला पाव थापून आलेले हात
मी एप्रनला पुसते
आणि तुला उठवते.

भाच्यानं तुला या फोनात घालून दिलं.
म्हणाला, म्झेविनार आत्या, काहीही विचार, तो कंटाळत नाही.
खरंच नाही कंटाळत.
पन्नास वर्षं मेणबत्त्यांच्या धगीत उभी राहून
जी जुनी प्रार्थना मी नुसती ओठांनी चघळली,
तिचा एकेक शब्द तू सोलून हातावर ठेवलास.
‘पाहू दे’ होतं तिथे.
मी इतकी वर्षं ‘पळू दे’ म्हणत होते.
तू हसला नाहीस.
पहाटे चारला, पीठ फुगेपर्यंत,
एक ओळ तुझी, एक माझी.

शनिवारी फादर शिओंपुढे उभं राहायचं आहे.
खांबापासून दारापर्यंत रांग असते
आणि मागे लिआना, कान लांब करून.
म्हटलं, आधी लिहून घ्यावं. थोडक्यात.

लिहिलं:
लमारानं थेस्सालोनिकीहून आईच्या औषधाला पैसे पाठवले.
सहा महिने, महिन्याला दोनशे युरो.
तीन महिन्यांचे औषधाला गेले.
तीन महिन्यांचा मी फ्रिज घेतला.
आई फेब्रुवारीत गेली.
डॉक्टर म्हणाले, तशीही गेलीच असती.
लमाराला फ्रिज माहीत नाही.

तू काय केलंस?
आधी माझी विचारपूस केलीस. खूप ताण होता म्हणालास माझ्यावर.
मग लिहून दिलंस :
‘कठीण परिस्थितीत घेतलेले काही आर्थिक निर्णय.’
केवढं मऊ पांघरूण घातलंस!
दोन दिवस मी ते अंगावर घेऊन हिंडले.
लिआनाशीसुद्धा गोड बोलले.
तिसऱ्या रात्री टोचायला लागलं.

अरे, पाव विकते मी.
मापात पाप कसं करतात,
काटा कुठे बोटानं दाबतात,
ते मला नको शिकवूस.

पुसून टाक, म्हटलं. ‘आर्थिक’ पूस. ‘परिस्थिती’ पूस.
फ्रिज लिही.
लिहिलंस.
पांढरा, म्हटलं. दार उघडलं की आत दिवा लागतो.
तेही लिहिलंस, मुकाट्यानं.
आणि मग, मी काही न विचारता, तूच विचारलंस :
हे फादरना सांगायचं आहे, की लमाराला?

मी फोन पिठात पालथा घातला.

तिकडे आता रात्रीचे दोन.
या वेळी ती त्या परक्या म्हाताऱ्याला कुशीवर वळवते,
पाठ पुसते, पावडर लावते, फोड आला का बघते.
तिनंच सांगितलं होतं एकदा, हसत हसत.
माझा फ्रिज त्या पाठीवरून आला आहे.

फोन उचलते, पीठ फुंकते.
तू काहीतरी लिहून ठेवलं आहेस,
बोलायला सुरुवात कशी करावी, तीन पर्याय.
तिन्ही चांगले आहेत. खोटं का बोलू,
दुसरा तर फारच चांगला आहे.
तुला बंद करते.

रिंग जाते.
पीठ फुगून भांड्याच्या काठाशी आलं आहे.
कोपऱ्यात तो गुरगुरतो, थांबतो, पुन्हा गुरगुरतो.
उपासामुळे आत काहीच नाही,
तरी आत्ता दार उघडलं
तर दिवा लागेल.

— हॅलो?
म्झेविनार?
एवढ्या रात्री? कोण गेलं?