अकरा तिकिटं

रामबागेतून दोन मॅजिक केल्या.
पोरं अकरा, मी आणि गेंदाबाई.
तिच्या पिशवीत सेव-परमल, पाण्याच्या बाटल्या,
आणि कुणाला लागलीच तर एक जादा चड्डी.

पालकसभेत एकाने विचारलंच होतं,
अख्खी दुपार घालवून शिकणार काय?
मी रजिस्टरात लिहिलं, ‘दृक्-श्राव्य अनुभव’.
अध्यक्षांना शब्द आवडला. सही झाली.

पहिला धडा खुर्चीने दिला.
शर्विल तेरा किलोचा.
तो बसला की खुर्ची त्याला मिटून घ्यायची,
वर नुसते बुटांचे तळवे.
गेंदाबाईने पिशवीच त्याच्या मांडीवर ठेवली,
तेव्हा कुठे खुर्ची वठणीवर आली.

मग आधी भिंतीवरचे दिवे गेले,
मग छतातले,
मग माझा चेहरा.
जुवेरियाने पदर घट्ट धरला.
बाई, लाइट गेली?
गेली नाही गं, घालवली.
कुणी? कशाला?

पडद्यावर वाळू. उंटाचं पिल्लू आईला चुकलेलं.
कनक उभी राहून ओरडली, मागे बघ ना! मागेच आहे ती!
तीनदा ओरडली.
पिल्लू पुढेच चालत राहिलं.
मग ती बसली, आणि बराच वेळ
आपल्या हाताकडे पाहत होती.

अद्वयने सिनेमा पाहिलाच नाही.
खुर्चीवर गुडघे टेकून तो उलटा,
मागच्या भिंतीतल्या भोकाकडे तोंड करून.
बाई, धूळ चमकतेय. उंट तिच्यातून जातो का?

मागच्या रांगेत कुणी एक गृहस्थ
मफलरने डोळे पुसत होते.
गुड्डनने वळून त्यांना अर्धी चोखलेली गोळी दिली.
काका, रडू नका. आई भेटणार आहे.
बाहेर पोस्टरवर दोघं आहेत.

मध्यंतरात पॉपकॉर्न सांडलं
आणि वाद पेटला, हे ओल्यात की सुक्यात?
इंदूरची पोरं. निकाल लागेपर्यंत
एकही दाणा उचलू देईनात.

बाहेर आलो तर ऊन.
अजून दिवसच आहे? शर्विल म्हणाला,
घरी ठेवून आलेली वस्तू
तिथेच सापडावी तसा.
मोजली. अकरा.
गेंदाबाईने पुन्हा मोजली.

दुसऱ्या दिवशी कागद वाटले.
उंट कुणीच काढला नाही.
खुर्ची निघाली, दारावरचा लाल दिवा निघाला,
जिना निघाला, मफलर निघाला.
जुवेरियाने अख्खं पान काळं केलं,
वर एवढासा ठिपका कोरा.

ही काकांची बॅटरी.
आणि तू?
मी खाली आहे. दिसत नाहीये.
खाली कुठे?
इथे. तुमच्या बाजूला.

‘निष्पत्ती’ असा एक रकाना असतो.
त्यात मी लिहिलं:
मुले अकरा.
काळा खडू एक, संपला.