पन्नास हात

हिवाळ्यात दिवागावच्या जेटीवरून
मी माणसांना फ्लेमिंगो दाखवायला नेतो.
त्यांची भिंगं माझ्या वल्ह्याएवढी लांब.
होडीत बसतानाच सांगतो :
पन्नास हातांवर इंजिन बंद,
पुढं ओहोटी नेईल तेवढंच.
आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत.
उडताना पंखाखालचा रंग दिसतो, म्हणून
वाजवतात काही जण.
चिखलात मान घालून जेवणारं पाखरू उठवतात
एका फोटोसाठी.

माझी मुलगी सोनदरीच्या संस्थानात दिली.
संस्थान म्हणजे आता एक राजवाडा, त्यातल्या अर्ध्याचं हॉटेल,
दसऱ्याला एक हत्ती, तोही भाड्याचा.
पण बातमीला तेवढं पुरतं.

ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं,
मृणालिनीराजे.
आमची भाविका कुठल्या दाण्याखाली गेली,
ते तांदूळ पुढं कुणी शिजवले,
विचारायचं राहिलं.

दसऱ्याला डोक्यावरचा पदर ढळला. दोन बोटं.
मी मोजली, कारण टीव्हीवर तो दिवसभर
पुन्हा पुन्हा ढळत होता,
भोवती लाल वर्तुळ, वर बाण.
रात्री तिची आई उठून टीव्हीजवळ गेली
आणि काचेवर हात नेला,
सावरायला.

मग ते आमच्या गल्लीत आले.
घर अधिकृत आहे का, म्हणाले.
गरजेपोटी बांधलंय, म्हटलं,
सगळं गावच गरजेपोटी बांधलंय.
संध्याकाळी पट्टी फिरली : राणीचं माहेर बेकायदा.
वाळत घातलेल्या सुकटीचाही फोटो काढला.
शेजारची हिराबाय त्यांना भाव सांगत बसली.

एकदा समारंभातूनच तिनं फोन केला,
"बाबा, जेवलास क रं?"
तेवढंच. कुणीतरी ते टिपलं
आणि खाली शुद्ध मराठीत अर्थ दिला.
सासूबाईंनी रागावून नाही, समजावून सांगितलं,
फोन खोलीत जाऊन करावा.
खोलीत रेंज नाही.

जावई चांगला आहे.
पहिल्यांदा होडीत बसला तेव्हा काय झालं
ते त्याला माहीत, मला आणि खाडीला.
एका चॅनलवाल्यानं त्याचे पंचवीस हजार काढले.
त्याच महिन्यात इंजिनचं काम निघालं होतं.
मी म्हटलं, भरती लागली, उठा आता.

माघात ती आली. पहाटे साडेतीनला, मागच्या दारानं.
आईनं दिलेली भाकरी उभ्यानंच खाल्ली.
मग माझी कानटोपी चढवली, भावाचं जॅकेट,
आणि येऊन बसली होडीच्या नाकाशी.
पाच जणांचं बुकिंग होतं.
हा कोण? एकानं विचारलं.
आमचा खलाशी, म्हटलं.
पुन्हा कुणी पाहिलं नाही,
पाचही भिंगं पाण्याकडे.

उजाडताना पक्षी दिसले तशी
ती मागं आली, तिनंच इंजिन बंद केलं.
पन्नास कुठले, चांगले दीडशे हात होते.
एकानं टाळीला हात उचलले.
"नको," ती म्हणाली,
हळूच. त्याचे हात तसेच राहिले.

आठवड्यानं त्यानंच फोटो पाठवला, आभार म्हणून.
पक्षी स्वच्छ, चोचीवरचा चिखलसुद्धा मोजावा असा.
कडेला होडीचं नाक
आणि कानटोपी घातलेला एक धूसर ठिपका.
हसतोय की काय, कळत नाही.

तेवढा एक मी फ्रेम करून घेतला.