अक्षराला दोन रुपये

परभणीत, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
ग्यानोबा कासार नावं टाकतो.
विजेची सुई, वायरीला चिकटपट्टी, मांडीवर गोणपाट.
अक्षराला दोन रुपये, काना-मात्रा फुकट.

चार गिलास ठेवले त्याच्यापुढं,
स्टीलचे, जाड बुडाचे, पाणपोईसाठी.
"लग्नाचे का वास्तूचे?"
स्मरणार्थ, म्हटलं.
त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

पहिलं नाव शेवंता.
"श्रीमती टाकू?"
रेशनकार्डावर शेषराव होती ती,
सरणावरही शेषरावच केली भावांनी,
दाढी करवून, धोतर नेसवून,
न्हाव्याला शंभराची नोट जास्तीची देऊन.
कापलेले केस कुठं टाकले, कळलं नाही.
आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे,
तिचा हिरवा चुडा पिशवीत घेऊन.
म्हटलं, श्री नको, श्रीमती नको. नुसतं नाव.
"बरं," म्हणाला, "तेवढेच पैसे वाचले."

दुसरं कावेरीबाईंचं.
जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या.
बावीस वर्षं एका क्वार्टरात, नुसरतआपांसोबत.
पुतणे टेम्पो घेऊन आले,
पंखा नेला, कपाट नेलं,
शिट्टीसकट कुकर नेला.
आपांनी फक्त चष्मा मागितला होता.
तुम्ही कोण, असं कुणी विचारलंसुद्धा नाही.
विचारलं असतं तर
उत्तर तरी देता आलं असतं.

तिसऱ्याचं नाव मला येत नाही.
उरसात दरसाली उदगीरहून यायचा,
पाळण्यांमागच्या अंधारात आम्हाला हसवून हसवून रडवायचा.
एका फेब्रुवारीत आला नाही. पुढच्याही.
मग कुणी म्हणालं, सरकारी दवाखान्यात,
कॉटवर एकटाच होता.
"मंग काय टाकू?"
उदगीरवाला टाका.

चौथ्याला माझा आवाज बसला.
मुंजाजी.
"आमच्या आज्याचं नाव," ग्यानोबा हसला.
बिनलग्नाचा गेला म्हणून गावानं
पिंपळावर बसवलाय त्याला,
तिन्हीसांजेला पोरं तिकडं फिरकत नाहीत.
पंचनाम्यात लिहिलंय: पोटदुखीला कंटाळून.
मी ओळखत होतो ते पोट.
बेंबीपासून बोटभर उजवीकडं तीळ.
कधी दुखलं नाही ते.

"आन् खाली? कोणाकडून?"
काहीतरी लागतंच म्हणाला,
रिकामं बरं दिसत नाही.
मी रस्त्याकडं बघत राहिलो.
रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.
मग म्हटलं, टाका: घरच्यांकडून.
"चारीवर?"
चारीवर.
सुई घरघरली. स्टीलचा बारीक भुगा
गोणपाटावर चमकत राहिला.

चैत्रात स्टँडसमोर मांडले,
लाल फडक्यातल्या रांजणाशेजारी.
माणसं वरून पितात, ओठ न लावता,
सदरा भिजवून घेतात, निघून जातात.
एक शाळकरी पोरगी गिलास फिरवून वाचत होती:
"शे-वं-ता. माय, शेवंता कोण?"
"असंल कोणाची तरी. पी लवकर, गाडी लागली."

आठव्या दिवशी मुंजाजीचा गिलास गेला.
हॉटेलवाला म्हणाला, उरलेल्यांना साखळी लावा.
मी नको म्हटलं.
गेला असंल तर कुणाच्या तरी घरातच गेला असंल.
रात्री फडताळात पालथा,
सकाळी कुणी विसळून दूध ओततही असंल त्याच्यात.
दूध गरम असलं की स्टील हाताला चटकतं.
पदरानं धरावा त्याला
ज्या कुणाकडं असंल तिनं.