इतिवृत्त

मंगळवार, सात वाजता, थॉर्नबेकच्या चर्चमागचा हॉल.
रेडिएटर एकाच बाजूने तापतो,
म्हणून सगळी सभा डावीकडे कललेली.

अध्यक्ष पिकर्सगिल चष्मा शोधतात,
तो कपाळावर.
मागचं इतिवृत्त मंजूर.
कचऱ्याचे डबे : पुन्हा तेच.
मिसेस गार्थवेट यांच्या भिंतीला
दुधाची गाडी घासते : नोंद घेतली.

मग ओढ्यापलीकडच्या कुरणाचा विषय.
चाळीस घरं. टेबलावर नकाशा,
कोपरे वळू नयेत म्हणून त्यावर चार कप.
रस्ता अरुंद. गटारं जुनी.
तिथे टिटव्या अंडी घालतात.
ऑसगुड म्हणाले, आमच्या खिडकीतून दिसतं ते कुरण,
आणि लगेच म्हणाले, अर्थात प्रश्न तो नाही.

मी लिहीत होते.
तेव्हा मागे, दाराशी, ओल्या कोटातच
बेकरीतली टॅम्सिन बोलली :
"जन्म माझा इथला.
झोपते भावाच्या गॅरेजात.
त्या चाळिसांतलं एक मला हवंय."
एवढंच. बसलीही नाही.

किटलीचं झाकण थडथडलं.
गिळायला मूग नव्हते,
सगळ्यांनी बिस्किटं गिळली.

हात वर करून मतदान.
विरोधात एकवीस. बाजूने एक.
माझा हात पेनात अडकला होता,
असं घरी जाताना मी स्वतःला सांगितलं,
ओढ्यावरच्या पुलापर्यंत दोनदा.

इतिवृत्तात ओळ एकच :
'सविस्तर चर्चा झाली.'

सकाळी पाव घ्यायला गेले.
सुटे पैसे तिनं मोजून हातावर ठेवले
आणि नेहमीसारखं विचारलं,
कापून देऊ?