पट

पडताळणीच्या दिवशी सकाळी साडेसातला
शाळेच्या फाटकाशी दोन ऑटो उभे होते.
आत अकरा पोरं, नंदनवनच्या शाळेतून उसनी आणलेली,
अंगात आमचा गणवेश, तोंडात आमच्या हजेरीतली नावं.
संस्थेच्या सचिवांनी साहेबांसाठी
तर्री-पोहेही सांगून ठेवले होते.

कुंभलकर बाई चष्मा पुसत बाहेर आल्या.
पोरांना म्हणाल्या, पोहे खाऊन जा रे, उपाशी नका जाऊ.
ऑटोचं भाडं स्वतःच्या पर्समधून दिलं
आणि साहेबांसमोर कागदावर लिहिलं : बावन्न.
त्रेसष्ट नाही. बावन्न.

त्या अकरा पोरांत माझी नोकरी होती.
तिसरं पद गेलं. पद म्हणजे मी.
ऑफिसात जाऊन ओरडलो,
एवढं खरं कायले लिहाचं होतं बाई, कोणासाठी?
त्या काही बोलल्या नाहीत.
बाहेर येऊन फळ्यावरचा सुविचार तेवढा पुसला,
त्या जागी दुसरा लिहिला नाही.

नऊ वर्षं झाली.
कळमन्यात वैरागडे भाऊंच्या आडतीवर वही लिहितो,
हमाल अजून मास्तरच म्हणतात.
भाऊ वाईट माणूस नाही, हे आधी सांगून ठेवतो.
शंकर हमालाच्या पोरीची नर्सिंगची फी
त्यांनी भरली, कुठे बोलले नाहीत.
पण मार्चमध्ये रात्री पोत्यांवर पाणी मारतात.
सकाळी मिरची लालबुंद,
पोत्यामागे दोन किलो जास्त.

काल हैदराबादचा व्यापारी आला होता.
भाऊ हळूच म्हणाले, मास्तर, सुकी लिहा.
पेन उघडलं.
खोकला आला, इथे सगळ्यांनाच येतो,
त्यात थोडा वेळ गेला.
मला कुठला विचारबिचार आला नाही.
पोहे खाणारी पोरं दिसली फक्त,
त्यातलं एक दुसऱ्यांदा मागत होतं.

लिहिलं : ओली.
चाळीस पोत्यांपुढे चाळीस वेळा.
वरची दोन वळणं सोडली तर
अक्षर चांगलं आलं.

भाऊंनी वही पाहिली, मिटली,
म्हणाले, उद्यापासून मागच्या गोदामात बसा.
नको या, असं म्हणाले नाहीत.
त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

घरी बायकोनं विचारलं, काय झालं?
म्हटलं, बावन्न.
तिला कळलं नाही.
हात दोनदा धुवा, म्हणाली, डोळ्याला लावाल.