तपासणी

वार्दोचा वृद्धाश्रम, खोली नंबर सात.
गुनवोर चाळीस वर्षं बंदरावर, कस्टममध्ये.
तोंड पाहिल्याशिवाय
तिने कुणाला धक्क्यावरून पुढे सोडलं नाही.
बाकी बरंच विसरली. हे नाही.

त्यामुळे आइनार गोळ्या घेऊन आला की
"तोंड का झाकलंस? काय आणलंयस चोरून?"
आणि हात थेट त्याच्या मास्ककडे.
दोनदा इलॅस्टिक तुटलं.
साथीचं सांगून झालं, छापील कागद दाखवून झाला.

मग एकदा तो उठून बाहेर गेला,
गुडघाभर बर्फातून इमारतीला वळसा घालून
तिच्या खिडकीशी उभा राहिला,
काचेपलीकडे मास्क हनुवटीखाली ओढून:
लालबुंद नाक, तीन दिवसांची दाढी, ओठ उललेले.

तिने चष्मा पुसला. सावकाश न्याहाळलं,
फोटोशी ताडून बघावं तसं,
हातात फोटो नसताना.

आता रोज संध्याकाळी हेच.
गोळ्यांना उशीर होतो. नोंदवहीत
कारणाला रकाना नाही.

काल वारं फार होतं.
तिने बघितलं, मान डोलावली,
मग काचेवर टकटक करून
स्वतःच्याच नाकातोंडावर तळवा धरून दाखवला:
बांध ते आता. गारठशील.